ख्रिस्ती होमस्कूलवाल्यांचे को-ऑप : नववीपासून घालावं का? (डॅलस-प्लेनो परिसर)

नगरची_लेक | ४ मे, रात्री १०:१२

सगळ्यांना नमस्कार, आणि आमच्या मंडळींना जय ख्रिस्त.

आम्ही मूळचे नगरचे, आता बरीच वर्षं प्लेनोजवळ. थोरली लेक लवकरच चौदाची होईल. पाचवीपासून घरीच शिकते. गणित, वाचन, मराठी, शास्त्रपाठ, सगळं आतापर्यंत माझं मी निभावून नेलं. ऑगस्टमध्ये नववी सुरू होईल आणि इथेच घोडं पेंड खातंय. रसायनशास्त्र जेवणाच्या टेबलावर होत नाही. निबंध मी तपासला की बाईसाहेब म्हणतात, "मम्मी, तू चांगलंच म्हणणार." आणि तिला तिच्या वयाची माणसं हवी आहेत, धाकट्या भावाशी किती बोलणार!

पर्याय तीन दिसतात. एका चर्चमध्ये भरणारा को-ऑप, म्हणजे घरी शिकवणाऱ्या कुटुंबांनी मिळून चालवलेले वर्ग : दर शुक्रवारी नऊ ते तीन, सातवी ते बारावीची मुलं. फी किरकोळ, पण घरटी एका पालकाने शिकवायचं किंवा मदतीला थांबायचं, आणि अर्जासोबत श्रद्धेच्या निवेदनावर सही करायची. दुसरा, क्लासिकल कन्व्हर्सेशन्स या ख्रिस्ती होमस्कूल कार्यक्रमाचे चॅलेंज वर्ग. तिसरा, हवा तो विषय फी भरून घ्यायचा अशी ट्युटोरियल. कोणाची मुलं यातून गेली आहेत? कॉलेजवाले हे धरतात का? आणि त्या सहीचं काय करायचं?

होमस्कूलिंग चांगलं की वाईट हा धाग्याचा विषय नाही, एवढी विनंती.

मुळामुठा | ४ मे, रात्री १०:४०

विषय नाही म्हणता तरी विचारतोच. लोक प्लेनो-फ्रिस्कोत शाळा बघून घर घेतात, भरमसाट मालमत्ता कर भरतात, आणि तुम्ही मुलीला घरी बसवता?

नगरची_लेक | ४ मे, रात्री १०:४४

कर आम्हीही भरतो. घरी बसवलेली नाही, घरी शिकवतोय. पुढे.

बेडूकताई | ५ मे, सकाळी ७:०५

आयडीवरून हसू नका, तो मला को-ऑपच्या मुलांनीच दिला. फोर्ट वर्थच्या बाजूला एका ख्रिस्ती को-ऑपमध्ये मी बरीच वर्षं जीवशास्त्राचं प्रात्यक्षिक घेतलंय, त्यामुळे सविस्तर लिहिते.

आधी कायदा, कारण त्यावर बाकी सगळं उभं आहे. टेक्ससमध्ये होमस्कूल ही खासगी शाळाच धरली जाते. लीपर खटल्यात राज्याच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ साली ते पक्कं केलं. अट एवढीच की शिकवणं खरोखरचं असावं, अभ्यासक्रम दाखवता येण्याजोगा असावा, आणि त्यात वाचन, स्पेलिंग, व्याकरण, गणित आणि चांगलं नागरिकत्व असावं. विज्ञानाचं नावसुद्धा नाही त्यात! नोंदणी नाही, परीक्षा नाही. पेनसिल्व्हेनियात दरवर्षी मुलाची फाइल बाहेरच्या मूल्यमापकाला दाखवावी लागते, न्यूयॉर्कमध्ये तिमाही अहवाल द्यावा लागतो. इथे त्यातलं काहीच नाही. म्हणजे को-ऑप ही तुमच्या लेकीची शाळा नव्हेच. शाळा तुम्ही. ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजला द्यायच्या गुणपत्रकावर) सही तुमची, ग्रेड तुमचे. को-ऑप तुम्हाला काही तास शिकवून देतो, बस. हे डोक्यात पक्कं नसलं की लोक अकरावीत येऊन विचारतात, "ट्रान्स्क्रिप्ट कोण देणार?"

मग को-ऑप कशासाठी? माझं मत विचाराल तर, जे दुसऱ्या माणसांशिवाय होत नाही तेवढ्यासाठीच. इतिहास ती घरी वाचेल. बीजगणितासाठी चर्चपर्यंत गाडी काढायची गरज नाही. प्रयोग, लेखन, वादविवाद, नाटक, वाद्यवृंद हे गटातच होतं.

आणखी एक गोष्ट, जी कुठल्याही माहितीपत्रकात नसते : परक्या माणसाने दिलेली तारीख. घरी निबंधाची तारीख नेहमी पुढे ढकलता येते. भाऊ आजारी, पाहुणे आले, मम्मीचं डोकं दुखतंय. को-ऑपमध्ये शुक्रवार म्हणजे शुक्रवार. गुरुवारी रात्री अकरा वाजता प्रिंटरशी झटापट करणारं मूल दिसलं की मी पालकांना सांगायची, हेच तर विकत घेतलंत तुम्ही!

प्रात्यक्षिकाचं सांगते. आमच्याकडे अपोलोजिया या ख्रिस्ती प्रकाशकाचं जीवशास्त्र होतं. त्यात चार प्राणी कापायचे : गांडूळ, क्रेफिश, पर्च मासा आणि बेडूक. जागा म्हणजे चर्चचा फेलोशिप हॉल. घडीची टेबलं, त्यावर कचऱ्याच्या काळ्या पिशव्या फाडून अंथरलेल्या, दोघांत एक ट्रे. टिकवणीच्या द्रवाचा वास गालिच्यात असा बसायचा की रविवारी कॉफी करणाऱ्या बायका रागाने बघायच्या. क्रेफिशचं कवच कात्रीने पाठीवरून उचलताना हात जरा जड पडला तर खालचं हृदय त्यासोबत निघून येतं. ते बारीक, फिकट असतं, एकदा गेलं की सापडत नाही. घरी एकट्याने शिकलेल्या मुलांना अर्धा ट्रे दुसऱ्याचा असणं हेच नवीन होतं. कात्री कोण धरणार, चित्र कोण काढणार यावर पहिल्या दिवशी जी शांतता पसरायची, ती मोडायला गांडूळच उपयोगी पडायचं.

सहीबद्दल संध्याकाळी लिहिते, डबा करायचाय.

वसईवाला | ५ मे, सकाळी ९:३०

सहीबद्दल मी बोलतो, कारण आम्ही तिथेच अडलो. आम्ही वसईचे कॅथलिक, आता ह्यूस्टनला. ज्या को-ऑपमध्ये चौकशी केली त्यांच्या निवेदनात "बायबलची ६६ पुस्तकं" असं आकड्यासकट लिहिलं होतं. आमच्या बायबलात ७३. समन्वयक बाई फार गोड बोलल्या, "बहुतेक लोक वाचतही नाहीत, सही करून टाका." मी म्हटलं, बाई, मुलाला खोटं बोलू नको म्हणून शिकवायला निघालोय आणि सुरुवातच अशी करू?

मग कॅथलिक गट शोधला. सीटन आणि कोल्बी यांचे अभ्यासक्रम घेऊन घरी शिकवणारी कुटुंबं पॅरिशच्या हॉलमध्ये आठवड्याला एकदा जमतात. मुलं कमी, विषय कमी, पण आधी मिस्सा आणि मग लॅटिन. मुलगा खूश आहे. लॅटिनवर नाही, फुटबॉलवर. आपला फुटबॉल.

तात्पर्य, प्रत्येक ओळ वाचा. काही निवेदनं नायसीन मतांगीकार या जुन्या श्रद्धासूत्राएवढी रुंद असतात, त्यावर कोणीही ख्रिस्ती माणूस सही करील. काही इतकी बारीक की शेजारच्या चर्चचा पाळकसुद्धा बसायचा नाही. आणि सही सगळ्यांना आहे की फक्त शिकवणाऱ्यांना, हे विचारा. पुष्कळ ठिकाणी सामान्य सभासदांनी "यानुसार शिकवलं जाईल हे मान्य" एवढंच लिहून द्यायचं असतं. मान्य असणं आणि चालवून घेणं यात फरक आहे.

नगरची_लेक | ५ मे, दुपारी १२:१५

आत्ताच पुन्हा वाचलं. ६६ आहे, ते आम्हाला चालतं. पण पुढे "सहा प्रत्यक्ष दिवसांत निर्मिती" आहे. माझे पप्पा आयुष्यभर शब्बाथशाळाही चालवायचे आणि हायस्कुलात विज्ञानही शिकवायचे. आमच्या घरात या दोन गोष्टींचं भांडण कधी लागलंच नाही. इथे येऊन कळलं की भांडण असतं म्हणून.

सूक्ष्मदर्शी | ५ मे, दुपारी १:०२

मी ख्रिस्ती नाही, होमस्कूलवाली नाही. कॉलेजात पहिल्या वर्षाला जीवशास्त्र शिकवते, म्हणून लिहिते.

अपोलोजियाची पुस्तकं भाषेला सुरेख आहेत आणि प्रयोग खरोखर करवून घेतात. पण ती तरुण-पृथ्वीच्या (पृथ्वी काही हजार वर्षांचीच, या मताच्या) बाजूची आहेत आणि उत्क्रांतीकडे खोडून काढायच्या गोष्टीसारखं बघतात. एपी (हायस्कुलात घ्यायच्या कॉलेज-पातळीच्या) जीवशास्त्रात मात्र चार मूळ कल्पनांतली पहिलीच उत्क्रांती. मुलगी वैद्यकीय किंवा जीवशास्त्राकडे जाणार असेल तर दुसरं पुस्तक घरात हवंच.

कॅलिफोर्नियात तर कोर्टापर्यंत गेलं होतं. काही ख्रिस्ती प्रकाशकांच्या पुस्तकांवर आधारलेले शाळांचे अभ्यासक्रम कॅलिफोर्निया विद्यापीठाने प्रवेशासाठी धरले नाहीत. ख्रिस्ती शाळांच्या संघटनेने खटला भरला. २००८ मध्ये निकाल विद्यापीठाच्या बाजूने गेला, २०१० मध्ये अपिलातही तोच राहिला. टेक्ससमध्ये तसला नियम नाही, पण मूल कुठल्या राज्यात अर्ज करील हे आज कोणी सांगावं?

बेडूकताई | ५ मे, रात्री ८:५०

सूक्ष्मदर्शी, शंभर टक्के सहमत. आणि मी श्रद्धेने लिहितेय हे. माझ्या वर्गातल्या दोन-तीन घरांत दोन्ही पुस्तकं असायची, मुलं मला येऊन प्रश्न विचारायची, आणि मी "या वर्गात हे पुस्तक, प्रश्न घरी न्या" म्हणायची. पळवाट होती, मान्य. पण ती बरी चालायची.

नगरची_लेक, एक मार्ग सुचवते. आख्खा शुक्रवार घेऊ नका. बहुतेक को-ऑप एकेक तास निवडू देतात. रसायन घ्या (त्यात हा वाद फारसा येतच नाही), लेखन घ्या. जीवशास्त्र दहावीत कम्युनिटी कॉलेजात किंवा बाहेर करा. आणि हो, कोणी त्यांच्या वर्गाला "एपी" म्हणत असेल तर एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्डाने अभ्यासक्रम मंजूर केलाय का विचारा. मंजुरीशिवाय ट्रान्स्क्रिप्टवर ती दोन अक्षरं लिहिता येत नाहीत. परीक्षेला मात्र कोणीही बसू शकतं.

फ्लोशीट | ६ मे, पहाटे १:२०

मी या धाग्यावरचा "मूल" आहे म्हणायला हरकत नाही. वय तेवीस, बारावीपर्यंत घरी, आठवीपासून ख्रिस्ती गटांत. आई इथे वाचते म्हणून सांभाळून लिहितो.

मला वाचवलं वादविवादाने. होमस्कूलच्या मुलांसाठी एनसीएफसीए आणि स्टोआ अशा दोन मोठ्या ख्रिस्ती लीग आहेत. बारा ते अठरा वयाची मुलं. आम्ही टीम पॉलिसी करायचो : दोघांची जोडी, आठ मिनिटांचं मुख्य भाषण, तीन मिनिटं उलटतपासणी, मग पाच-पाच मिनिटांची प्रत्युत्तरं. आख्खं वर्ष एकच ठराव. सकाळच्या फेरीत त्याच्या बाजूने बोलायचं, दुपारी विरुद्ध. समोरच्याचा प्रत्येक मुद्दा लांब कागदावर रकान्यांत उतरवायचा, त्यांचे काळ्या शाईने, आपले लाल. त्यालाच फ्लो म्हणतात. एखादा मुद्दा उत्तर न देता सुटला की रकाना कोरा दिसतो, आणि त्या कोऱ्या चौकोनाकडे परीक्षकांआधी आपलं लक्ष जातं.

अपोलोजेटिक्स नावाचा प्रकार आणखी भारी. श्रद्धेवरचा प्रश्न चिठ्ठीतून निघतो, चार मिनिटं तयारी, सहा मिनिटं भाषण. वर्षभर पेटीत कार्डं बनवायची. मी दुःखाच्या प्रश्नावर सुंदर कार्ड केलं होतं. पुढे कॉलेजात एका मित्राचे वडील गेले तेव्हा त्या कार्डातलं एक वाक्य तोंडातून काढायची हिंमत झाली नाही. गप्प बसलो त्याच्याशेजारी. लीगचा दोष नाही, पण पालकांना माहीत असावं की पेटी म्हणजे श्रद्धा नव्हे.

तक्रार एकच : गटातले सगळे एकसारखे. एकाच तऱ्हेची चर्चं, एकच राजकारण, बहुतेक गोरे. नोव्हेंबरमध्ये "थँक्सगिव्हिंगला तुमच्याकडे काय असतं" याचं उत्तर मटण आणि भाकरी असं दिलं की लोक फार सभ्यपणे हसायचे. अकरावीत कॉलिन कॉलेजला ड्युअल क्रेडिटचे (हायस्कूल आणि कॉलेज दोन्हीकडे धरले जाणारे) वर्ग घेतले, तिथे पहिल्यांदा मुसलमान, नास्तिक, चाळिशीतली विद्यार्थिनी, सगळे एका बाकावर. नववी-दहावी को-ऑप, अकरावी-बारावी कम्युनिटी कॉलेज, हा क्रम मला तरी मानवला.

मुळामुठा | ६ मे, सकाळी ८:१५

वा, हे छान लिहिलंत. आता जरा सरळ प्रश्न. या को-ऑपवर सरकारी तपासनीस येत नाही ना? मग शिकवणारी माणसं कोण तपासतं? दिवसभर चर्चच्या खोल्यांत मुलं आणि अनोळखी मोठी माणसं. खोचक नाही, खरंच विचारतोय.

बेडूकताई | ६ मे, सकाळी ८:४०

खोचक नाहीच, पहिला प्रश्न हाच हवा. कोणी येत नाही. म्हणून तुम्हीच विचारायचं : सगळ्या प्रौढांची पार्श्वभूमी तपासली जाते का? एका खोलीत दोन प्रौढ, आणि ते नवरा-बायको नकोत, हा नियम आहे का? दाराला काच आहे का? तक्रार कोणाकडे जाते, एकाच बाईंकडे की मंडळाकडे? याची लेखी उत्तरं नसतील तर श्रद्धेचं निवेदन कितीही सुंदर असो, गाडी वळवा. आम्ही एका वर्षी "ते आमच्या चर्चचे वडील (एल्डर) आहेत, तपासणी कशाला" म्हणणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे नाही म्हटलं. रुसले. रुसू देत.

पेठेतला | ६ मे, सकाळी ११:३० (भारतीय वेळ रात्री १०)

पुण्यातून. इथे ख्रिस्ती होमस्कूलवाले मूठभर. शिक्षण हक्क कायद्यात (२००९) होमस्कूलचा शब्दच नाही. सहा ते चौदा सगळी मुलं शाळेत, असा रोख. त्यामुळे लोक गाजावाजा करत नाहीत. चौदा झाले की एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची) दहावी, नाहीतर राज्य मंडळाचा, बाहेरून परीक्षेला बसायचा १७ नंबर फॉर्म. आमच्या इथे चार-पाच घरं मिळून शनिवारी एकमेकांची मुलं शिकवतो. पण बोर्ड एनआयओएसचं असल्यामुळे पुस्तक कोणतं हा वाद होत नाही, सगळा वेळ स्वाध्याय लिहिण्यात जातो. वीस टक्के गुण त्याचेच.

काहींनी एसीई या अमेरिकन ख्रिस्ती अभ्यासक्रमाची पॅकेट मागवली होती. मूल एका कप्प्यात बसून एकटंच पॅकेट भरतं. पुढे इथे प्रवेशाला समकक्षतेचं शेपूट लागतं ते वेगळंच. तुमचे शुक्रवार बघून हेवा वाटतो.

ताकभात | ६ मे, दुपारी २:१०

आम्ही हिंदू, होमस्कूल करतो, ॲलनजवळ. बिनधार्मिक को-ऑप शोधायला दोन वर्षं गेली, कारण इथे दहातले बहुतेक गट चर्चमध्येच भरतात, जागा फुकट आणि खोल्या भरपूर. शेवटी वाचनालयाच्या खोलीत भरणारा एक मिळाला. एका ख्रिस्ती ट्युटोरियलमध्ये मुलाला फक्त गणिताला पाठवतो. सही मागितली नाही, सुरुवातीची प्रार्थना असते, तो उभा राहतो. काही बिघडलं नाही.

पैशाचं : २०२५ च्या नव्या कायद्यानुसार होमस्कूलवाल्यांना राज्याच्या शिक्षण-बचत खात्यातून वर्षाला २००० डॉलरपर्यंत मिळू शकतात, २०२६-२७ पासून. पण खर्च मंजूर विक्रेत्यांकडेच. तुमच्या शुक्रवारच्या को-ऑपवाल्या बायका त्या यादीत असण्याची आशा धरू नका. शिवाय काही ख्रिस्ती कुटुंबांना सरकारी पैसा नकोच आहे. आज पैसा, उद्या परीक्षा, असं त्यांचं म्हणणं. अगदीच चूक नाही ते.

क्लासिकल कन्व्हर्सेशन्सबद्दल कोणीच लिहिलं नाही. शेजारची मुलगी चॅलेंज ए मध्ये आहे. वर्षाअखेरीला जगाचा नकाशा आठवणीतून काढतात, देश-राजधान्यांसकट. तिने आमच्या ड्राइव्हवेवर खडूने आख्खा आफ्रिका काढला, मी तोंडात बोट घातलं. पुढच्या वर्षी लुटूपुटूचा खटला चालवतात. पण तिथे सगळं एकाच साच्यात, लॅटिनपासून तर्कशास्त्रापर्यंत. एक विषय नको म्हणून सोडता येत नाही. आठवड्यात एक दिवस वर्ग आणि उरलेले दिवस घरी तेच. मुलगी शिस्तीची असेल तर सोनं, नाहीतर आईचे हाल.

नगरची_लेक | ७ मे, रात्री ९:३५

सगळ्यांचे आभार. आज को-ऑपच्या समन्वयक बाईंना भेटून आले. दोन प्रौढांचा नियम आहे, लेखी आहे, दाराला काच आहे. निवेदनावर पूर्ण सही फक्त शिकवणाऱ्यांना. मी सरळ सांगितलं की सहा दिवसांच्या ओळीवर माझी सही होणार नाही. त्या म्हणाल्या, मग तुम्ही विज्ञान आणि बायबल सोडून काहीही शिकवा, मंडळाला विचारते. लगेच पुढचं वाक्य : "तुम्ही भारतीय, बीजगणित घ्याल ना?" 🙄

मी बी.ए. मराठी आहे हो.

वसईवाला | ७ मे, रात्री ९:५०

हाहाहा. बीजगणित घेऊ नका, एकदा घेतलंत की बारावीपर्यंत सुटका नाही.

सूक्ष्मदर्शी | ७ मे, रात्री १०:०५

मग इतिहास घ्या की! तुमच्याइतकी सामग्री कोणाकडे आहे? अमेरिकन मराठी मिशन नगरला १८३१ मध्ये आलं. ही मुलं मिशनऱ्यांच्या गोष्टी जहाज सुटण्यापर्यंतच ऐकतात. जहाज पोचलं तिथल्या घरातली कोणी त्यांना भेटलेलीच नसते. पंडिता रमाबाई १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियात आल्या, अमेरिका फिरल्या, परत जाऊन शारदा सदन काढलं, पुढे केडगावचं मुक्ती मिशन. मूळ भाषांतून बायबल मराठीत आणणारी बाई! सोळा वर्षांच्या मुलींना एका सत्राला पुरून उरेल.

नगरची_लेक | ७ मे, रात्री १०:३०

हे डोक्यातच आलं नव्हतं. आजी केडगावलाच वाढली होती. विचारतेच बाईंना. लेकीसाठी रसायन आणि लेखन, दोनच तास, बाकी घरी. मराठी ट्रान्स्क्रिप्टवर परकी भाषा म्हणून धरतात का?

ताकभात | ७ मे, रात्री १०:४५

ट्रान्स्क्रिप्ट तुमची, लिहिता येतंच. पण नुसतं लिहू नका, पुरावा ठेवा. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळांचा अभ्यासक्रम आहे, जवळची शाळा बघा. वाचलेल्या पुस्तकांची यादी आणि तिचं लेखन तारखा घालून फाइलला लावा. रसायनाच्या प्रयोगवहीचंही तेच, कॉलेज कधीकधी मागतं.

नगरची_लेक | ७ मे, रात्री १०:५२

आणि पीएसएटी, ती एसएटीआधीची परीक्षा? नववीत द्यावी का? कुठे बसवतात?

बेडूकताई | ८ मे, सकाळी ६:५०

ऑक्टोबरमध्ये असते, आणि होमस्कूलच्या मुलांना जवळच्या हायस्कुलात जाऊन द्यावी लागते. नॅशनल मेरिट शिष्यवृत्तीला अकरावीतली धरतात, आधीची सरावाची. जागा देणं शाळेच्या मर्जीवर असतं. ऑगस्टमध्ये शाळा उघडल्या उघडल्या काउन्सेलरला फोन करा, सप्टेंबरअखेर केलात तर "यादी बंद झाली" म्हणतात. पहिली शाळा नाही म्हणाली तर दुसरीला करा, खासगी ख्रिस्ती शाळाही घेतात. आणि लॅपटॉप पूर्ण चार्ज करून द्या, परीक्षा आता त्यावरच असते.